आवाजाच्या मापाची काठी

गंगाराम पाटकरी जन्मात बायकोशी जेवढं बोलला नसेल तेवढं गेणबाशी बोलला, असं रंगुबाईचं म्हणणं होतं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. फरक एवढाच की रंगुबाई रोज डोळ्यांसमोर होती, आणि गेणबाला गंगारामनं सव्वीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

गेणबा भोरकडच्या डोंगरात, धरणावर नोकरीला. दार उघडायचं, मिटायचं, पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची, हे त्याचं काम. गंगाराम थेट दुसऱ्या टोकाला, इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याच्या पुढं, जिथं कालवा बारीक होत होत संपून जातो तिथल्या शेवटच्या चारीवर. पाणी आलं की चारीच्या दाराचं कुलूप काढायचं आणि ज्याच्या वाटणीचं पाणी त्याच्याच वावरात जातंय ना, यावर नजर ठेवायची. खात्याच्या बोलीत वरचं टोक म्हणजे हेड आणि खालचं टोक म्हणजे टेल. दोघांच्या मधे शंभरेक मैलांचं पाणी, आणि त्या पाण्याच्या काठानं खांबाखांबावरून आलेली खात्याची टेलिफोनची तार.

फोन कसला, भिंतीवरचं लाकडी खोकं होतं ते. हँडल गरागरा फिरवायचं, भोंगा कानाला लावायचा आणि ओरडायचं. तार एकच, त्यामुळं मधल्या दहा-बारा चौक्यांवरचा कुठलाही पाटकरी फोन उचलून ऐकू शकायचा. आणि ऐकायचेच सगळे. माळावरच्या चौकीत एकट्या माणसाला दुसरी करमणूक कोणती?

कामाचे शब्द तीन. दार उघडलं की वरून गेणबा म्हणायचा, "सोडलं." तीन दिवसांनी पाणी शेवटच्या चारीला लागलं की खालून गंगाराम म्हणायचा, "पोचलं." पाण्याची पाळी संपली की गेणबा म्हणायचा, "बंद." एवढ्यासाठीच सरकारनं तार ओढली होती. पण तीन शब्दांवर सव्वीस वर्षं कोण काढतो? त्याच तारेवरून गेणबाच्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरलं. त्याच तारेवरून गंगारामच्या थोरल्याचा, धम्मदीपचा, बारावीचा निकाल डोंगरात गेला आणि तिथून पेढे कुठं आहेत अशी विचारणा खाली आली.

"काय टेल, जेवला का?"

"जेवलो की हेड. तुझं काय?"

"आमचं काय, नाचणीची भाकर आन् डोंगर."

गंगाराम अंगानं किरकोळ आणि उंचीनं त्याहून किरकोळ होता. पण आवाज असा भरदार की नवखा माणूस तो बोलला की मागं वळून बघायचा, बोललं कोण म्हणून. त्या आवाजाचा उपयोग पाण्याच्या भांडणात व्हायचा आणि फोनवर व्हायचा. बाकी ठिकाणी तो कमीच बोलायचा.

गेणबाला सांगायची हौस होती, आणि सांगण्यासारखा त्याच्याकडं डोंगर होता. "गंगाराम, तू माघात ये. आपण रायरेश्वराच्या पठारावर जाऊ. पावसाळ्यात वर धुकं, हात दिसत न्हाय हाताला. उन्हाळ्यात कातळ भाजतो. शिवरात्रीला जत्रेची गर्दी. पण शिवरात्रीच्या आदी आठ-दहा दिस तितं कोण म्हंजे कोण नसतं. गवत पिवळं पडलेलं, पांगारा फुललेला, आन् वारा. कडेला बसलं की नीरेचं सगळं खोरं पायाखाली. तुझं पाणी कुठनं निगतं ते तुला बोटानं दावतो."

हे ऐकताना गंगाराम भोंगा कानाला घट्ट दाबून धरायचा. तो ज्या मुलखात जन्मला तिथं जमीन परातीसारखी सपाट. त्यानं आयुष्यात चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे भिगवण स्टेशनातला जिना. जन्मभर त्यानं पाण्याचा फक्त शेवट बघितला होता, दमलेलं, गढूळ, लोकांनी उपसून उपसून उरलेलं पाणी. ते सुरुवातीला कसं दिसतं, कुठल्या दगडाखालून येतं, हे बघावं असं त्याला फार वाटायचं. आणि त्याहून जास्त वाटायचं की ज्यानं ते सोडलं त्याच्या शेजारी एकदा बसावं. नुसतं बसावं, ओरडून बोलायला लागू नये.

पण जमायचं कसं? पाळी चालू असली की दोघंही अडकलेले. उन्हाळ्यात कालवा बंद असला की गेणबा मोकळा, तर गंगाराम चारीतला गाळ काढून घेण्यात. पावसाळ्यात गंगाराम मोकळा, तर गेणबा दिवसरात्र धरणाच्या दाराशी. दर माघात बेत व्हायचा आणि दर माघात तो पुढच्या माघावर जायचा. मधले पाटकरीसुद्धा त्या बेताला कंटाळले होते. माळेगावच्या चौकीवरचा म्हस्कू, ज्याच्या तोंडाला दार बसवायचं सरकार विसरलं असं लोक म्हणत, तो मधेच फोनवर येऊन म्हणायचा, "तुमची दोघांची गाठ आता वरच पडनार."

"वरच म्हंतोय मीबी," गेणबा म्हणायचा, "रायरेश्वरावर."

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात मात्र पुढचा माघ उरला नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला गेणबा रिटायर होणार होता. लेकानं वापीला कंपनीत नोकरी धरली होती, खोली घेतली होती, तो म्हाताऱ्याला घेऊन जाणार होता. खात्याची तारही त्याच सुमारास निघायची होती, चौक्यांवर वायरलेस येणार होते.

"वापीला डोंगर न्हाय म्हनं," गेणबा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला. "नुसत्या चिमन्या, धुराच्या."



आणि मग गेणबालाच ते सुचलं. "आरं गंगाराम, पानी तुझ्याकडं यायला तीन दिस लागत्यात. ह्या तीन दिसांत तू तितं करतोस काय? कोरड्या चारीकडं बगत बसतोस. मी सोडलं म्हनलं की तू यष्टीत बस. पानी खाली येतंय तवर तू वर ये. ते पोचायच्या आदी माघारी."

इतकी साधी गोष्ट सव्वीस वर्षांत दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. गंगाराम हसत सुटला. रजा मिळणार नव्हती, पण कोरड्या चारीला रजा कशाला लागते? आठवडाभर त्या तारेवर दुसरा विषय नव्हता. सगळ्या कालव्यानं मिळून बेत केला. सोमवारी पाणी सुटणार, मंगळवारी पहाटेची इंदापूर-बारामती, तिथून नीरा, नीरेहून शिरवळ, शिरवळहून भोर. दोन वाजता भोरच्या स्टँडवर गेणबा. संध्याकाळपर्यंत पठारावर, मुक्काम देवळाच्या ओसरीला, सकाळी खोरं बघायचं आणि बुधवारी दिवेलागणीला परत लासुर्ण्यात. पाणी गुरुवारी सकाळी. मोकळा वेळ सुद्धा उरत होता.

"चढ उभा हाय," गेणबानं बजावलं. "तुला सपाटीच्या मानसाला काठी लागंल. मी कारवीची तोडून ठिवतो."

"आन् मी तुला वळखू कसा?" गंगारामनं विचारलं.

"मी तुला वळखीन. उतरलास की मोठ्यानं म्हन, पोचलो. आवाज काय मला नवा न्हाय."

त्या आठवड्यात रंगुबाईनं नवऱ्याला दोनदा पकडलं, कालव्याच्या भरावावर उभा राहून एकटाच 'पोचलो' म्हणताना. एकदा हळू, एकदा मोठ्यानं. "पोचलं म्हनायची सवय," तो ओशाळून म्हणाला. "ऐन वक्ताला तोंडातनं तेच निगायचं."

"निगू द्या. तुमी काय पान्याहून येगळं हाय?" रंगुबाई म्हणाली. ती फोनला सवत म्हणायची, पण सवतीसाठी शिदोरी तिनंच बांधली. डोंगरात शाळू होत नाही आणि गेणबानं सव्वीस वर्षं हुरड्याची नुसती तारीफ ऐकली होती. मागास पेरलेल्या वावरातली कवळी कणसं तिनं दाण्याला नख लावून लावून निवडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली.

सोमवारी सकाळी आवाज आला, "सोडलं. निग आता."

मंगळवारी पहाटे गंगाराम निघाला. धुतलेलं धोतर, ठेवणीतली टोपी, मांडीवर कणसांची पिशवी. बारामतीला गाडी बदलली. नीरेची एसटी कालव्याच्या कडेकडेनं जाते. खिडकीतून उजव्या हाताला कोरडा कालवा पळत होता आणि गंगाराम मनात हिशोब करत होता की पाणी आपल्याला नीरेच्या आसपास भेटेल. दहा वाजता. ते खाली जाईल, आपण वर जाऊ. त्याला वाटलं की खिडकीतून पाण्याला हात करावा. करायला हरकत नव्हती, गाडीत ओळखीचं कुणी नव्हतं.

पण पाणी माळेगावलाच भेटलं.

आधी बगळे दिसले, कालव्याच्या तळात ओळीनं मागं मागं सरणारे. त्यांच्या पुढं पाण्याचं तोंड, फेसाळ, तांबूस, उसाचं पाचट आणि वाळलेला पाला ढकलत येणारं. आणि येत होतं ते चालत नव्हे, धावत. गंगाराम ताडकन उभा राहिला. त्यानं इतक्या जोरात "थांबवा" म्हटलं की ड्रायव्हरनं आधी ब्रेक मारला आणि मग मागं वळून बघितलं.

म्हस्कू चौकीच्या दारात तंबाखू मळत होता. समोर आलेल्या बुटक्या माणसाला त्यानं ओळखलं नाही. तो बोलल्यावर ओळखलं, आणि मळलेली तंबाखू त्याच्या हातातून सांडली.

"तू गंगाराम? एवढासा?"

"पानी हितं कसं?" गंगारामनं विचारलं. "आज हितं कसं?"

"आरं, पौषात कालवा बंद व्हता तवा वरल्या अंगाला सिमेटचं अस्तर केलं न्हाय का? तळ गुळगुळीत. पानी पळत येतंय." म्हस्कू बोलता बोलता थांबला. अस्तराची गोष्ट सगळ्या तारेनं ऐकली होती. गंगारामनंही ऐकली होती, गेणबानंही. पण पाणी म्हणजे तीन दिवस, हे दोघांच्या हाडात मुरलेलं होतं. घड्याळ बदलल्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "उद्या दिस उगवायला तुझ्या चारीला लागंल बग."

गंगाराम खाली बसला. त्याचा हात कमरेकडं गेला. चारीच्या कुलपाची किल्ली करदोड्याला होती, नेहमीसारखी. आंघोळीलासुद्धा ती सुटायची नाही, तर प्रवासाला निघताना काढायचं सुचणार कसं?

म्हस्कू मनानं वाईट नव्हता. त्यानं हँडलला हात घातला. "फोन लावतो. रंगुबाईला म्हनावं दगड घाल कुलपाव. तू जा. शिरवळची गाडी मिळंल तुला अजून."

गंगारामनं विचार केला नाही असं नाही. चांगला केला. समोर रस्ता होता, दोन वाजता भोर होतं, पलीकडं डोंगर होता. पण कुलूप एकदा दगडानं तुटलं की ते पुन्हा कुणाला लागत नाही. चारीच्या तोंडाशी बागाईतदारांचे ऊस, ते पहिल्या तासात सगळं पाणी ओढून घेणार, आणि रंगुबाई एकटी कुणाकुणाच्या फावड्यापुढं उभी राहणार? चारीच्या पार शेवटाला कुशाबाईचा अर्धा एकर गहू होता. ओंबी भरायला आली होती. हे पाणी चुकलं की दाण्याचा कोंडा. गंगारामचा नियम होता, आधी शेवटच्याला द्यायचं आणि मग वर वर यायचं. ज्या गावात त्याचा बाप विहिरीपासून लांब उभा राहून ओंजळ धरायचा, कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायचा, त्या गावाच्या पाण्याची किल्ली आज त्याच्या कमरेला होती. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा गंगाराम चौदा वर्षांचा होता. पाणी पोचत नाही म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"गेणबाला लाव फोन," तो म्हणाला.

म्हस्कूनं हँडल फिरवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. धरणावर कुणी उचललं नाही. गेणबा केव्हाच भोरच्या वाटेला लागला होता.

तेव्हा गंगारामच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायलाच पाहिजे. म्हस्कूनं दुसरीकडं बघितलं आणि पिशवी ओढून घेतली. "ही कनसं दे हितं. हातोहात वर धाडतो. हद्दीव हद्दीव मानूस हायच की आपला, सायकलीव." ते खरं होतं. प्रत्येक पाटकऱ्याची हद्द जिथं संपते तिथं पुढचा पाटकरी रोज भेटतो, पाण्याचा निरोप असाच जातो. कणसं मात्र आजवर कुणी पाठवली नव्हती. गंगारामनं पिशवी दिली आणि उलट दिशेची एसटी धरली. सगळ्या वाटेनं तो कालवा दिसणार नाही अशा बाजूला बसला.

बुधवारी सूर्य वर आला आणि पाणी चारीच्या दाराला लागलं. गंगाराम किल्ली घेऊन उभाच होता. संध्याकाळपर्यंत कुशाबाईचा गहू भिजला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. बागाईतदारांनी कुरकुर केली, नेहमीचीच. अंधार पडायच्या आधी त्यानं हँडल फिरवलं.

"पोचलं," तो म्हणाला.

 मग गेणबा म्हणाला, "मला वाटलं, पोचलो म्हनशील."

"अस्तरामुळं पानी—"

"सांगितलं म्हस्कूनं. बरं केलंस, माघारी गेलास ते. मीबी तेच केलं असतं." गेणबा खाकरला. "दोनपासनं सांजच्यापत्तुर थांबलो मी स्टँडवर. यष्टी आली की बगायचो. उंच, धिप्पाड मानूस उतरला की पुढं व्हायचो. एकजन तर घाबरलाच."

गंगारामला हसू आलं. आपण उंच नाही, धिप्पाड नाही, हे त्यानं सांगितलं नाही. आता कशाला सांगायचं?

"डोंगराव गेलास का?" त्यानं विचारलं.

"एकट्यानं? न्हाय."

पाळी फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालणार होती. तोवर गंगारामला हलता येणार नव्हतं, आणि त्यानंतर वर गेणबाच नव्हता. दोघांनाही ते कळत होतं. गहू कसा आहे, लेक न्यायला कधी येतोय, असलंच बोलत राहिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी अलीकडच्या हद्दीतला पाटकरी सायकलवरून आला. सायकलच्या दांडीला एक काठी बांधली होती. कारवीची, सरळ, साल काढून घासून तुळतुळीत केलेली, मुठीला कातड्याची वादी. धरणावरून कालव्यापर्यंत ती खात्याच्या जीपमधून आली होती आणि पुढं दहा हातांतून, पाण्याबरोबर पाण्यासारखी. मधे कुणाकडंही ती एका रात्रीपेक्षा जास्त थांबली नव्हती.

गंगारामनं ती जमिनीवर टेकवून उभी धरली. मूठ त्याच्या टोपीच्याही वर वीतभर गेली. ज्या उंच, धिप्पाड माणसाची वाट गेणबानं स्टँडवर बघितली होती, त्याच माणसाची ती काठी होती. सव्वीस वर्षं ऐकलेल्या आवाजाला बेतून तोडलेली.

रंगुबाई दारातून बघत होती. "हातभर कापून घ्या," ती म्हणाली. "कापली की बसंल मापाला."

"न्हाय कापायची," गंगाराम म्हणाला.

तिन्हीसांजेला घंटी वाजली. गेणबाचा शेवटचा फोन. तारेवर खटखट ऐकू आलं, एकेका चौकीवर भोंगे उचलले जात होते. सगळा कालवा कान लावून बसला होता. म्हस्कूचा तंबाखूचा खोकला गंगारामनं ओळखला.

"कनसं पोचली बरं का," गेणबा म्हणाला. "चौथ्या दिशी पोचली. भाजून खाल्ली."

"कसा लागला हुरडा?"

"कवळा. लुसलुशीत. तोंडात टाकला की दूधच."

चौथ्या दिवशी शाळूच्या दाण्याचं काय होतं हे गंगारामला चांगलं माहीत होतं. दात मोडतील असा खडा होतो. 

"आन् काठी? पोचली का?"

"पोचली. आत्ता हातात हाय."

"मापाची हाय का? अदमासानं तोडली गड्या. तुला बगितलंय कुनी?"

बघितलं होतं एकानं. माळेगावच्या चौकीत, समोर उभं करून. आणि काठीही त्याच्या हातातून पुढं आली होती. गंगारामनं मान वर करून मुठीकडं बघितलं, आणि भोंग्यात त्याच्या भरदार, उंच माणसाच्या आवाजात म्हणाला, "आगदी मापात हाय. बोटभर कमी न्हाय, जास्त न्हाय."

म्हस्कू ऐकत होता. तोंडाला दार नसलेला म्हस्कू. तो एक अक्षर बोलला नाही.

"मला वाटलंच," गेणबा समाधानानं म्हणाला. "आवाजावरनं मानूस कळतो."

मग तो सव्वीस वर्षं म्हणत आला तसंच म्हणाला, "बंद."